नारळी पौर्णिमेची फूग

ऑस्ट्रेलियात श्रावण थंडीत येतो. इथे येऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट माझ्या हाडांना अजून पटलेली नाही. परवा सिडनीच्या स्कोफिल्ड्समधल्या आमच्या घरात मी नारळीभातासाठी नारळ खवत बसले होते. अंगात दोन स्वेटर, पायात नवऱ्याचे मोजे, आणि बाहेर पश्चिमेचा बोचरा वारा शेजाऱ्यांचं नवंकोरं कुंपण हलवून बघत होता. लेक आली, बोटभर खोबरं उचललं आणि म्हणाली, "आई, व्हाय इज इट ऑल्वेज कोकोनट टुडे?"

"आज समुद्राला नारळ देतात, सोन्या."

"विच सी?" एवढं विचारून ती निघूनही गेली. उत्तरासाठी थांबायची पद्धत या पिढीत नाही.

मी मात्र खवणीपाशी अडकले. कुठला समुद्र? माझ्या डोळ्यांपुढे आला तो कोकणातला नव्हता आणि सिडनीचाही नव्हता. तो अलास्काचा होता. मी तो आजवर पाहिलेला नाही, पण त्याच्यावर उद्या वारा किती असेल, धुकं कुठवर येईल आणि भरती कधी लागेल, हे मी एक अख्खा हिवाळा मेलबर्नच्या क्लेटनमध्ये बसून रोज लिहीत होते.

तो विद्यार्थ्यांच्या लाटेचा काळ होता. दर सेमिस्टरला नवी पोरं उतरायची आणि क्लेटनच्या घरांत मावतील तशी मावायची. आमचं घर युनिपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. भिंती कागदासारख्या पातळ, गॅसचा हीटर एकाच खोलीत, त्यामुळे अभ्यास, जेवण, भांडण आणि केस वाळवणं सगळं त्याच खोलीत. सकाळी मॅगपाय पक्षी गळ्यात पाणी घोळवल्यासारखे गात आणि आम्ही थंडीला शिव्या देत डूनात, म्हणजे इथल्या दुलईत, तोंड खुपसत असू. कुणी पेट्रोल पंपावर शिफ्टला जायचं, कुणी रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायला, कुणी सुपरमार्केटात फळ्या भरायला. आपापल्या घरी फोनवर मात्र सगळे 'पार्टटाइम' एवढंच सांगत. या मंडळींत माझी घरातली मैत्रीण वैजू आणि मी, आम्हा दोघींचं काम विचारलं की लोकांना वाटायचं आम्ही थट्टा करतोय. आम्ही अलास्काची नदी राखत होतो.

नीट सांगते. अलास्काच्या किनाऱ्यावर एक चिमुकलं मच्छीमार बंदर आहे. तिथे एक नदी समुद्राला मिळते, आणि ती निघते हिमनदीच्या पोटातून. आमच्या युनिव्हर्सिटीतला एक विभाग त्या नदीचा अभ्यास करत असे. त्यांचा उन्हाळा म्हणजे आमचा हिवाळा, आणि त्यांची रात्र म्हणजे आमची उतरती दुपार आणि संध्याकाळ. तेव्हा ठरलं असं की रात्री तिथल्या माणसांनी झोपावं आणि नदीवर लक्ष मेलबर्नने ठेवावं. शिफ्ट संपताना आम्ही किनाऱ्याच्या हवामानाचा अंदाज लिहून पाठवायचो: वारा, लाटा, धुकं, भरती आणि शेवटी एक ओळ नदीची. बंदरावरचा रात्रपाळीचा माणूस, अर्ल त्याचं नाव, तो अंदाज पहाटे रेडिओवर वाचायचा आणि मग होड्या बाहेर पडायच्या. आमचा गुरुवार उजाडायचा तेव्हा त्यांचा बुधवार चालू असायचा. वैजू म्हणायची, "आपण उद्यात बसून त्यांना उद्या कसा असेल ते सांगालोय. यात कसलं आलंय शास्त्र!"

माझं काम कॉम्प्युटरचे पडदे आणि त्यांवरचे आकडे नीट चालतात ना, ते बघायचं. मी आयटीवाली, त्यात पुण्याची. पाणी या विषयात माझं ज्ञान एवढंच, की ते नळाला येतं किंवा येत नाही. नदीचं शास्त्र वैजूचं. ती नरसोबाच्या वाडीची, पुजाऱ्यांच्या घरातली. कृष्णा आणि पंचगंगा जिथे एकत्र येतात त्या संगमावर वाढलेली पोर. त्यांच्याकडे दरवर्षी नदी देवळात येते, पादुकांवरून वाहते, आणि लोक पळापळ करायच्या ऐवजी स्नानाला गर्दी करतात. तिच्या घरी पाणी मीटरमध्ये मोजत नाहीत, पायऱ्यांत मोजतात. पाणी जास्तच चढलं की उत्सवमूर्ती वरच्या देवळात हलवतात, आणि देव हलला की खालच्या गल्लीतले दुकानदार आपापले पेढ्यांचे खोके उचलतात. हे सगळं ती मला हीटरपुढे बसून सांगायची आणि मी आ वासून ऐकायची. पुण्याच्या माणसाला दुसऱ्याच्या गावाचं कौतुक करायला जीभ जरा जड जाते, पण वैजूच्या बाबतीत माझी ती कधीच गेली नाही.

ती नदी मात्र आम्ही दोघींनी मनातच पाहिली. तिचं पाणी राखाडी पांढरं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं, असं आमची ग्लेनिस सांगायची. ग्लेनिस म्हणजे विभागाची प्रमुख, साठीची, कायम पायात गमबूट. बर्फ डोंगराला घासतो, दगडाचं पीठ होतं आणि ते पीठ पाण्यातून खाली येतं. नदीच्या मुखाशी वाळूचा एक लांब पट्टा होता. उन्हाळ्यात रावस जातीचे मासे चढायला लागले की तिथली कुटुंबं त्या पट्ट्यावर तंबू आणि कॅरॅव्हॅन घेऊन राहायला यायची. मासे पकडायचे, धुरावर सुकवायचे, पोरांना नदीत खेळू द्यायचं. त्या पट्ट्यावर जायला कच्ची वाट एकच, आणि ती पट्ट्यापेक्षाही सखल. नदीची ती एक ओळ लिहायची ती या लोकांसाठी.

आणि तीच ओळ वैजूच्या हातून जुलैमध्ये चुकली. वरच्या डोंगरांत सलग पाऊस लागला होता. वैजूने वाडीचा हिशोब लावला: घाटात कोसळतोय, म्हणजे उद्या आपल्या पायऱ्यांवर. तिने लिहिलं, नदी झपाट्याने चढेल. अर्लने पट्ट्यावरची सगळी माणसं भर पावसात उठवली. बायका, पोरं, म्हातारी माणसं चिखलातून टेकडीवर गेली, धुरावर लावलेले मासे भिजले, आणि नदी चार बोटं चढून गप्प बसली. वरचा बर्फ बराचसा पाऊस पिऊन बसला होता. कृष्णेच्या डोक्यावर बर्फ नाही आणि या नदीच्या डोक्यावर आहे, हे वैजूच्या लक्षातच आलं नाही. वाडीच्या लेकीनेच करावी अशी ही चूक होती.

बंदराच्या गावाने ग्लेनिसला विचारलं, नदीबद्दल विद्यार्थ्यांनी लिहायलाच हवं का? ग्लेनिस वैजूला म्हणाली, "एव्हरीवन गेट्स वन, लव्ह." एक चूक सगळ्यांना माफ. दुसरी झाली तर काय, ते तिने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. नदीची ओळ गेली की वैजूचा प्रबंधही गेला, कारण तो त्याच नदीवर होता. वैजू एक दिवस रुसली. दुसऱ्या दिवसापासून तिने ग्लेनिसला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. मग ही नदी चढते तरी कशाने?

त्याचं उत्तर होतं एक तलाव. हिमनदीच्या कुशीला, बर्फाच्या भिंतीमागे उन्हाळाभर वितळलेलं पाणी साठत राहतं. पाणी फार झालं की बर्फाची भिंत तळातून किंचित उचलली जाते आणि तलाव खालून निसटतो. त्याला पाऊस लागत नाही. उलट लख्ख ऊन असलं तरी चालतं. तलावात एक यंत्र बसवलेलं होतं, ते पाण्याची उंची आम्हाला कळवायचं. वैजूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे धरणच की. फक्त दार कोण उघडतो ते ठाऊक नाही."

आता मला ती संध्याकाळ सांगायलाच हवी. नारळी पौर्णिमा होती. घरी आमच्या मैत्रिणींनी नारळीभात केला होता आणि आमची वाट बघणं चाललं होतं. अंदाज तर इतका देखणा होता की लिहिताना माझाच जीव सुखावला: निरभ्र आकाश, वारा नावाला, समुद्र शांत. होड्यांना याहून चांगला दिवस मिळणार नव्हता. नदीच्या जागी कॉम्प्युटरने लिहिलं होतं, विशेष बदल नाही. मी जॅकेट चढवलं.

"थांब गं जरा," वैजू म्हणाली. "तलाव उतराय लागलाय."

मी बघितलं. आकडा उतरत होता खरा, पण त्याच्यापुढे लाल खूण होती. "अगं, ती यंत्राची चूक आहे. मागच्या आठवड्यात नाही का, तलाव बघता बघता रिकामा झाला आणि परत भरला!"

"तेव्हा परत भरला. आता भरेना झालाय."

तिने ग्लेनिसला फोन लावला. ग्लेनिस नातीच्या नेटबॉलच्या सरावाला मैदानावर उभी होती, मागे पोरींचा आरडाओरडा. "दॅट सेन्सर्स बीन क्रूक ऑल वीक, लव्ह," ती म्हणाली. क्रूक म्हणजे इथल्या बोलीत आजारी. थोडा वेळ वाट बघ, आणखी आकडे येऊ देत, असा तिचा सल्ला. सल्ला शहाणपणाचाच होता. आजारी यंत्राच्या सांगण्यावरून झोपलेलं गाव कोण उठवणार, तेही जुलैचं सगळं ताजं असताना?

वैजूने फोन ठेवला. मग म्हणाली, "वर कोण राहतं?"

हा तिच्या घरचा प्रश्न. वाडीत पावसाळ्यात लोक आकाशाकडे बघत नाहीत, कारण वाडीला पाऊस नसतानाही पाणी चढतं. लोक वरच्या गावांना फोन लावतात आणि एवढंच विचारतात, "वर काय?" नातेवाईक, ओळखीचे, सोयरे, नदीकाठी जो कोणी असेल त्याला. दप्तरातला आकडा नंतर येतो, आत्याचा आवाज आधी येतो. अलास्कात वैजूची आत्या नव्हती. पण हिमनदीच्या पायथ्याशी एक लहानसं लॉज होतं, आणि त्याचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. तो आजवर कुणी लावला नव्हता.

लॉजची मालकीण मार्था झोपेतून उठली. तिचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगते. ती म्हणाली, "पाऊस नाहीये इथे, बाई. चांदणं पडलंय."

"पाऊस नाही विचारत," वैजू म्हणाली. "प्लीज, दार उघडून बाहेर उभं राहाल का? नदीचा आवाज कसा येतोय?"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दार करकरलं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी माझ्या जॅकेटची चेन वरखाली करत राहिले. जगाच्या त्या टोकाला एक अनोळखी बाई रात्रीच्या कपड्यांत ओसरीवर उभी राहून आमच्यासाठी नदी ऐकत होती, ही कल्पनाच मला पेलवेना. मग मार्था परत आली. तिच्या आवाजातली झोप गेली होती.

"आवाज बदललाय. पाण्याखाली दगड गडगडतायत. मी इतका मोठा आवाज कधी ऐकला नाही."

वैजूने तिचे आभार मानले, उंचावर जायला सांगितलं आणि खिडकीशी गेली. कार पार्कच्या मागून चंद्र वर आला होता, थंडीत दिसतो तसा स्वच्छ आणि जवळ. तिने त्याच्याकडे बघितलं आणि एकदम माझ्याकडे वळली. "आज नारळी पौर्णिमा. म्हणजे तिथं उद्या दुपारी उधाणाची भरती. अगं, फूग येणार!"

फूग हा शब्द मला तिच्यामुळेच माहीत. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढे सरकायला जागा उरत नाही. मग ती मागच्या मागे फुगते आणि शेतांत, गल्ल्यांत शिरते. तिथे कृष्णेच्या जागी समुद्र होता. आमच्या अंदाजात भरती एका ओळीत असायची आणि नदी दुसऱ्या ओळीत. दोघी समोरासमोर आल्या तर काय होईल, हे कॉम्प्युटर विचारत नसे. संगमावर जन्मलेल्या मुलीला ते विचारावं लागलं नाही. तिने आकडे मांडले. तलावाचं पाणी पहाटे खाली पोहोचणार, आधी ती सखल वाट जाणार, आणि दुपारच्या भरतीला अख्खा पट्टा. म्हणजे माणसं हलवायची तर आत्ताच.

ग्लेनिसला पुन्हा फोन. या वेळी मागचा आरडाओरडा नव्हता, ती गाडीत जाऊन बसली असावी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हॉट वुड यू डू?"

"मी लोकांना वर काढीन."

"अँड इफ इट्स अनदर जुलै?"

"मग नदीची ओळ माझ्याकडून काढून घ्या."  

निर्णय वैजूवर सोडत ग्लेनिस म्हणाली, "युअर कॉल, मेट."

वैजूने अंदाज नव्याने लिहिला. नदी शेवटी यायची, ती तिने सगळ्यात वर घेतली. निरभ्र आकाश वगैरे देखणी वाक्यं पार तळाला गेली. आणि खाली, जिथे फक्त विभागाचं नाव असायचं, तिथे तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मी म्हटलं, "अगं, नाव कशाला? चुकलं तर तुझ्याच गळ्यात येईल."

"तेच की," ती म्हणाली. "आमच्याकडं देव हलवा म्हणून सांगतो त्याचं नाव गावाला माहीत असतंय. चुकला तर लोक दारात येऊन बोलत्यात. कचेरी सांगत्या म्हणून मध्यरात्री कोण उठतंय? माणसानं सांगितलं तर उठत्यात."

मग तिने अर्लला फोन लावला. अर्लने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जुलैमधली मुलगी तूच ना?"

"हो," वैजू म्हणाली. "तीच मी. मार्थाला फोन करा आणि दगड ऐका."

आम्ही घरी गेलो. नारळीभात पुन्हा गरम केला, तो तळाला लागला. वैजूने दोन घास खाल्ले आणि ती हीटरपुढे गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. माणूस आपल्या हाताने सगळं पणाला लावतो तेव्हा कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. अगदी साधा दिसतो. तिच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलं होतं आणि ती ते ओढून ओढून झाकत होती. आज माझी लेक वर्गात हात वर करायला घाबरते तेव्हा मला तिला ही गोष्ट सांगावीशी वाटते. पण मी मराठीत सुरुवात करते आणि तिची नजर फोनकडे जाते. म्हणून मग इथे लिहिते आहे. कधीतरी वाचेल, किंवा निदान कुणाकडून वाचून घेईल.

सकाळी मॅगपाय गात असताना फोन वाजला. तिकडे आदल्या दिवशीची दुपार होती. अर्ल टेकडीवरून बोलत होता, मागे पोरांचा गलका आणि भांड्यांचा आवाज. ऊन इतकं आहे की डोळे उघडवत नाहीत, तो म्हणाला. आभाळात एक ढग नाही, आणि पट्टा नाहीसा झालाय. कच्ची वाट पहाटेच गेली. मासे सुकवायच्या झोपड्या तरंगत समुद्रात चालल्या आहेत, आणि समुद्र त्यांना परत ढकलतो आहे. माणसं सगळी वर आहेत, कॉफी पितायत. रेडिओवर तुझं नाव वाचायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, पण वाचलं. मग हा रांगडा गडी म्हणाला, आता इथल्या पोरांनासुद्धा ते येतंय. आणि खरंच, मागून कुठल्यातरी पोराचा चिरका आवाज आला, "व्हाय-जा-यांती!"

मला इतका अभिमान वाटला की मी रडले. चक्क रडले. आपल्याच माणसाचं नाव, वैजयंती, तेही चार अक्षरी, अनुस्वारासकट, जगाच्या माथ्यावर कुणीतरी धडपडत उच्चारत होतं. आम्हाला कुणी बोलावलेलं नव्हतं या देशात. आम्ही लाटेतून आलेली, फळ्या भरणारी, भांडी घासणारी पोरं होतो. आमच्याजवळ पदव्यांखेरीज काही आहे, असं आम्हालाही वाटत नव्हतं. आणि वैजूच्या सामानात तर अख्खी वाडी निघाली. वैजू आता क्वीन्सलंडच्या उत्तरेला नद्यांचंच काम करते. तिथल्या पुराच्या बातम्या लागल्या की मी आवाज मोठा करते आणि नवऱ्याला सांगते, गप्प बस, माझी मैत्रीण आहे तिकडे.

त्या सकाळी अर्लचा फोन ठेवल्यावर वैजू अंगाभोवती डूना गुंडाळून मागच्या अंगणात गेली. गवतावर दव गोठलेलं होतं. वाडीला तेव्हा पहाट होती आणि काकडआरतीसाठी तिचे अण्णा उठलेले असणार होते. तिने फोन स्पीकरवर टाकला, म्हणून मागोमाग गेलेल्या मलाही ऐकू आलं. 

"अण्णा, पाणी आलं," ती म्हणाली. कुठे, का, कसं, अलास्का काय, तलाव काय, आपण बरोबर ठरलो की नाही, यातलं तिला काहीच बोलता येईना.

अण्णांनीही त्यातलं काही विचारलं नाही.

"माणसं वर गेली का गं?"

"गेली, अण्णा. सगळी गेली."

"मग येऊ दे की पाणी," अण्णा म्हणाले.